हिवाळ्यातलं फाटक

अँटलर क्रीक, मोंटाना
११ नोव्हेंबर १९९६

लाईल,

'प्रिय' लिहायला विसरले नाही, मुद्दाम लिहिलेलं नाही.

तुझं कार्ड मिळालं. नाताळची टोपी घातलेला निवडुंग. 'इथे ऊन छान आहे. डोनाचे गुडघे दुखायचे थांबलेत.' तुझ्या बायकोच्या गुडघ्यांचा मला आनंद आहे, तिला तसं सांग. पण एवढ्या महिन्यांनी सख्ख्या बहिणीला लिहायला बसलास तेव्हा तुला गुडघेच आठवले?

तू ओढ्याकाठची जमीन विकलीस हे मला कुठे कळलं माहीत आहे? पेंडीच्या दुकानात. गुरांच्या मिठाच्या विटा गाडीत भरत होते, तर गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "आता तुमच्या शेजारी कॅलिफोर्नियाचे साहेब येणार म्हणे."

मी म्हटलं, "माझ्या शेजारी माझा भाऊ असतो."

दुकानातले सगळे जण एकदम कामाला लागले. माझ्याबरोबर माळावरचा ऑर्विल ट्वेट होता, तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. म्हणजे त्यालाही माहीत होतं. सगळ्या खोऱ्याला माहीत होतं, फक्त मी सोडून. परतीच्या वाटेवर ऑर्विल म्हणाला, "मला वाटलं लाईल तुला स्वतः सांगेल." मलाही तसंच वाटलं असतं.

असो. विकलीस ती विकलीस. जमीन तुझी होती. बाबांनी खालचा ओढा तुला दिला आणि वरचा माळ मला. ओढ्याला पाणी, झाडी, आडोसा, माळाला वारा. मी तेव्हा तोंडातून शब्द काढला नाही, कारण मधे फाटक होतं. फाटक होतं म्हणून ती वाटणी न्यायाची होती. आता त्याच फाटकाबद्दल लिहायचं आहे, नाहीतर मी तुला एक ओळसुद्धा लिहिली नसती.

विकायची गुरं बाजारात गेली, थंडी पडायला लागली, तेव्हा मी आणि ऑर्विल फाटक उतरवायला गेलो, दर वर्षी जातो तसे. गेलो तर आपलं लाकडी फाटक नाहीच. त्या जागी लोखंडी नळ्यांचं, हिरव्या रंगाचं नवंकोरं फाटक, आणि त्याला साखळी. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. हात लावला नाही. बंद सापडलं, बंद ठेवलं. बाबांनी आपल्याला दुसरं काय शिकवलं? फाटक जसं सापडेल तसं ठेवायचं. सात वर्षांचा असताना तू शेजारच्या लुंडांचं उघडं फाटक शहाणपणाने लावून आलास आणि त्यांचे बैल दिवसभर पाण्यावाचून राहिले, तेव्हा बाबांनी तुला पायी पाठवलं होतं माफी मागायला. तू वाटभर रडलास. मी बरोबर होते.

तेवढ्यात नव्या साहेबांचा मॅनेजर आला. कर्क नाव. पोरगा वाईट नाही, टोपी काढून बोलतो.

"काय हवंय, बाई?"

"फाटक उतरवायचंय."

"का?"

"हिवाळा आला म्हणून."

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू म्हातारीचा स्क्रू ढिला आहे. मग ऑर्विलने त्याला शांतपणे समजावलं, तुला माहीत आहे तो कसा बोलतो, एकेक शब्द तोलून. "माळावर बर्फाचं वादळ आलं की गुरं वाऱ्याकडे पाठ करतात आणि चालायला लागतात. थांबत नाहीत. कुंपण आडवं येईपर्यंत चालतात. वाऱ्याने ती सगळी या कोपऱ्यात येतात. इथे फाटक नसलं तर उतरून ओढ्याच्या झाडीत शिरतात आणि वाचतात. फाटक असलं तर इथेच एकमेकांवर चढून गुदमरतात."

कर्क म्हणाला, "ऐकून वाईट वाटतं. पण जमीन विकणाऱ्यांनीच साहेबांना सांगितलंय, या जमिनीवर कुणाचा हक्क नाही, कुणाची वहिवाट नाही."

विकणाऱ्यांनी म्हणजे तू.

लाईल, मला दुसरं काही नको. त्या वेनराईट साहेबाला फोन कर आणि तुझ्या तोंडाने सांग, की त्या जागी हिवाळ्यात फाटक नसतं. तो माझं ऐकणार नाही, ऑर्विलचंही नाही. ज्याच्याकडून घेतली त्याचं ऐकेल. पाच मिनिटांचं काम आहे.

आर्डिथ


८ डिसेंबर १९९६

लाईल,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं डोळ्यांना कमी दिसायला लागलं. 'कुठलं फाटक?' असं तू मला विचारतोस. ज्या फाटकाला लोंबकळून तुझा पुढचा दात पडला ते फाटक.

म्हणे लिखापढी काहीच नव्हती. नव्हतीच. आजोबा आणि थोरले ट्वेट आणि लुंड यांनी हातात हात दिला होता, तो तुला पुरत नाही? म्हणे आता फोन केला तर साहेब म्हणेल, मग विकताना का बोलला नाहीत. म्हणेलच. त्याचं उत्तर तुझ्याकडे नाही म्हणून माझी गुरं मरायची. नाकाने कांदे सोलायची तुझी सवय जुनीच, पण कांदे निदान स्वतःचे सोलावेत.

आणि शेवटी लिहितोस, 'तिथे होतं तरी काय, आर्डिथ? चार म्हातारे आणि वारा.'

काय होतं ते सांगते. तुझ्या तिकडच्या उन्हात बसून वाच.

आजोबा आले तेव्हा फुकटच्या जमिनीच्या आशेने माणसांची जत्रा लागली होती. जिथे तिथे झोपड्या. मग पाऊस दडी मारून बसला, आणि एकेक जण झोपडीला कडीसुद्धा न घालता निघून गेला. राहिले ते हट्टी. त्यांनी शेती सोडली आणि गुरं धरली. मग तो भयंकर हिवाळा आला, आणि माळावरची सगळ्यांची गुरं आजोबांच्या कुंपणाशी, त्याच कोपऱ्यात, ढिगाने मेली. आजोबांची स्वतःची गुरं खाली झाडीत सुखरूप होती. त्यांचं काही गेलं नव्हतं. तरी बर्फ वितळल्यावर त्यांनीच कुंपण तोडून तिथे फाटक बसवलं, आणि म्हणाले, गवताच्या दिवसांत लागलेलं राहील, हिवाळ्यात उतरवून आडवं ठेवू. कुणाचीही गुरं येऊ देत.

आणि ती आली. दर हिवाळ्यात लुंडांची, ट्वेटांची, आपली, सगळी गुरं आपल्या झाडीत एक होऊन जायची. मग वसंतात ती वेगळी कोण करणार? सगळ्यांनी मिळून. कुणाची गाय, कुणाचं वासरू, हे बघायला सगळी घरं आपल्या ओढ्यावर यायची. आलेच आहेत तर वासरांना तापल्या लोखंडाने मालकाच्या खुणेचा डाग तिथेच द्यायचा. डाग द्यायला आलेत तर जेवण तिथेच. जेवण आहे तर रात्री नाच. नाचायला जागा हवी म्हणून हॉल बांधला. पोरं आहेत म्हणून शाळा बांधली. तू त्या फाटकाला फाटक म्हणतोस. या गावाचं पहिलं दार तेच होतं.

आणि तुझी डोना कुठून आली, सांग बरं? आयोवातून आमच्या शाळेवर शिकवायला. डागणीच्या दिवशी कॉफीची किटली घेऊन फिरत होती आणि तू तिच्यासमोर ऐट दाखवायला सगळ्यांत दांडगं वासरू धरलंस. त्याने तुला शेणात लोळवलं. लुंडांची म्हातारी म्हणाली, "मास्तरीणबाई, हा वर पसंत असेल तर आधी धुऊन घ्या." डोना एवढी हसली की किटली सांडली. तिला विचार, आठवतं का. फाटक नसतं तर गुरं एकत्र आली नसती, डागणी आपापल्या दारात झाली असती, आणि आज तुला कार्डावर लिहायला डोनाचे गुडघेही नसते.

चांगले दिवस होते, लाईल. वीज आली तेव्हा आईने एकाच संध्याकाळी सगळ्या खोल्यांतले दिवे लावले आणि आम्ही अंगणात उभं राहून आपलंच घर बघत राहिलो. टेकडीवरून बघितलं की खोऱ्यात सगळीकडे दिवे. शाळेत मुलं एका बाकावर तीन-तीन. तू म्हणतोस चार म्हातारे.

मग काय झालं ते मलाही कळलं नाही, खरं सांगते. कुणी आग लावली नाही, कुणी लुटलं नाही. रस्ता डांबरी झाला तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. त्याच रस्त्याने मुलं शहरातल्या शाळेत जायला लागली, आणि मग तिथेच राहायला. शाळा बंद झाली. चर्चमध्ये महिन्यातून एकदा पाद्री यायचा, मग नाताळला, मग फक्त कुणी गेलं तर. हॉलचं छप्पर बर्फाने बसलं आणि ते उभारायला हात पुरेनात. लुंडांच्या मुलांनी जमीन विकली. आता माळावर मी, ऑर्विल, आणि पलीकडे डॅरेल लुंड आणि त्याची बायको. तो एकटाच लुंड भाड्याच्या जमिनीवर का होईना, राहिलाय. तरी दर वसंतात आम्ही एकमेकांकडे डाग द्यायला जातो. कारण गुरं अजून एकत्र हिवाळा काढतात. अजून.

मी परत कर्ककडे गेले. त्याने साहेबाला फोन लावला. साहेब बोलला, फार गोड बोलला, मला ताई म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं. त्याला म्हणे ओढ्याकाठचं गवत पूर्वीसारखं वाढू द्यायचंय, हरणांसाठी. पण तो माणुसकीवाला आहे. साखळीला कुलूप लावणार नाही, नुसती गुंडाळून ठेवेल. "वादळ येताना दिसलं की खुशाल उघडा, नंतर तेवढं लावून टाका."

मी म्हटलं, "साहेब, वादळ दिसतं तेव्हा हातभर अंतरावरचं दिसत नाही."

तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

आता मी एक दिवसाआड गाडी काढून तिथे जाते. आभाळाचा रंग बदलला वाटलं की फाटक उघडते. दुसऱ्या दिवशी कर्कने लावलेलं असतं. त्याची चूक नाही, त्याला तसं सांगितलंय. या वयात मी आणि तो पोरगा फाटक-फाटक खेळतोय. हे सगळं तुझ्या एका फोनने थांबेल.

फोन कर. 'प्रिय' लिहीन.

आर्डिथ


१९ जानेवारी १९९७

लाईल,

गुरं मेली.

तू रेडिओवर ऐकलं असशील, मोंटानात बर्फ. ते हे बर्फ.

मी त्या वेळी घरी नव्हते, शहरात होते. ऑर्विलने मला दुपारी शहरात सोडलं आणि तो परत आला. संध्याकाळी वारा उलटला, रात्रीत सुरू झालं, आणि तीन दिवस थांबलं नाही. चौथ्या दिवशी रस्ता उघडल्यावर मी डॅरेलबरोबर आले. माळावर एक जनावर दिसेना. मला तेव्हाच कळलं कुठे बघायचं.

वर्णन करणार नाही. आजोबा वर्णन करायचे ते तू ऐकलंयस. तेच, तसंच, त्याच कोपऱ्यात. फाटकाला सगळ्यांत जवळ माझी ती पांढऱ्या कपाळाची म्हातारी गाय होती, जी दर वर्षी सगळ्यांच्या पुढे चालायची. तिला वाट माहीत होती ना. ती बाकीच्यांना घेऊन बरोबर आली होती. बर्फाने बंद झालेलं तिचं तोंड फाटकाच्या नळ्यांना लागलेलं होतं, आणि पलीकडे झाडी दिसत होती. डॅरेलची बरीच वाचली, त्याचं कुरण पलीकडे आहे. माझी फार थोडी वाचली, ऑर्विलचं एकही नाही.

साखळी तशीच गुंडाळलेली होती. कुलूप नव्हतं. एका हाताने निघाली असती.

ऑर्विल त्याच्या घरात, स्वयंपाकघरात बसला होता. शेगडी विझलेली. मी विचारलं, "त्या दिवशी येताना फाटकावरून आलास ना?"

"आलो."

"बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

"बंद होतं."

मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. तोच म्हणाला, "आभाळ निळं होतं, आर्डिथ. रेडिओवर सांगत होते वादळ उत्तरेला जाईल. साहेब म्हणाला होता, वादळ दिसलं की उघडा. दिसत नव्हतं. मला वाटलं तू काल येऊन गेली असशील, तूच काही विचार करून लावलं असशील. परक्याचं फाटक. बंद सापडलं, बंद ठेवलं."

मग तो म्हणाला, "मी गाडी थांबवली होती. हात साखळीवर ठेवला होता."

मी त्याची शेगडी पेटवली आणि घरी आले. घरी येऊन मी ओरडले, लाईल. रिकाम्या घरात, भिंतींवर. ऑर्विलवर ओरडले, बाबांवर ओरडले, त्यांच्या त्या रीतीवर ओरडले. सगळ्यांत जास्त तुझ्यावर. सगळं आयुष्य आपण दुसऱ्याच्या फाटकाला मान दिला. आणि ज्याने मान द्यायचा तो निवडुंगाला टोपी घालून बसलाय.

आ.


१६ फेब्रुवारी १९९७

लाईल,

बैल गेला नि झोपा केला, तशी तुझी तऱ्हा. आता लिहितोस, ये, आमच्याकडे राहा, पाहुण्यांची खोली रिकामी आहे, गॅलरीतून डोंगर दिसतात. डोंगर मलाही दिसतात. ते मी कुणाच्या गॅलरीतून बघत नाही.

यायचं म्हणजे काय, विकून यायचं. तो वेनराईट माझ्या माळालाही नजर लावून आहे. कर्क लाजत लाजत विचारून गेला. साहेबाला फार वाईट वाटलंय, त्याने फुलं पाठवली होती. मेलेल्या गुरांना फुलं. मी ती ज्या डॉक्टरीणबाईने माझं मनगट बांधलं तिला देऊन टाकली.

हो, मनगट. लिहिणार नव्हते. अंगणात बर्फावर घसरले, त्यासाठी शहरात गेले होते. ऑर्विलने मला तिथे नेलं नसतं तर तो त्या वाटेने आलाही नसता. डोनाला सांगू नकोस, ती फोन करेल आणि मला रडू येईल.

पण तुझ्या पत्रातली एक ओळ मी सोडणार नाही. 'खरं तर चूक ऑर्विलची आहे, त्याने उघडायला हवं होतं.'

खबरदार.

त्या माणसाने आयुष्यात कधी दुसऱ्याच्या फाटकाला हात लावला नाही, दुसऱ्याची गुरं किती असं विचारलं नाही, आणि दुसऱ्याच्या डागणीला तो गेला नाही असं कधी झालं नाही. तू ज्या वर्षी न्यूमोनियाने पडला होतास त्या वर्षी तुझी वासरं कुणी डागली? न सांगता आला होता. त्याच्याकडून चूक झाली, झाली. पण ती आपल्यातल्या माणसाची चूक आहे. आपण वाढलो त्याच रीतीने तो चुकला. तू कुठल्या रीतीने चुकलास ते तू शोध.

आणि साहेबाकडे गवगवा करू नकोस म्हणतोस. तुला भीती की तो तुला विचारेल. विचारू दे की. तुझ्या तोंडात जीभ आहे, मी लहानपणापासून ऐकते आहे.

ऑर्विल आता गावात येत नाही. पोस्टात येत नाही. डॅरेलच्या बायकोने केक करून दिला तो त्याच्या दारातच पडून होता, पक्ष्यांनी खाल्ला. परवा त्याने मला विचारलं, त्याचा डागायचा लोखंडी ठसा मला हवा का, त्याला आता काय कामाचा. मी म्हटलं, "भिंतीवर टांगून ठेव. मेलास की बघू." नेहमी याच्यावर तो म्हणतो, "आधी तू." या खेपेला काही म्हणाला नाही. मला त्याचीच काळजी लागलीय, लाईल. गुरं परत घेता येतात.

मी विकणार नाही. हे उत्तर डोनालाही दे.

आर्डिथ


१८ मे १९९७

लाईल,

काल डागणी झाली.

यावर्षी नको म्हणत होते सगळे. माझी मोजायला बोटं पुरतील एवढी वासरं, बाकी डॅरेलची. ऑर्विलकडे काहीच नाही. मी तरी त्याला निरोप पाठवला, "शनिवारी ये." उत्तर आलं नाही. डॅरेल म्हणाला, "आर्डिथमावशी, त्यांना कशाला बोलवता, त्यांना बघवणार नाही." मी म्हटलं, "तू जन्मला नव्हतास तेव्हापासून तो येतोय. न बोलावणं म्हणजे त्याला मेला म्हणणं."

आणि तो आला. सकाळी, जाळ पेटल्या पेटल्या. जुनी टोपी, जुनी गाडी, हातमोजे पट्ट्यात खोचलेले. कुणी काही विचारलं नाही. मी त्याच्या हातात दोर दिला. तुला माहीत आहे, वासरं धरायचा दोर आपल्यात सगळ्यांत मानाच्या माणसाच्या हातात देतात. डॅरेलने तोंड उघडलं होतं, बायकोने त्याच्या पायावर पाय दिला.

सत्तरीच्या पुढचा माणूस घोड्यावर बसला आणि दोराची एकही फेक चुकली नाही. डॅरेलची बायको म्हणाली, "काका, थोडं चुका की, आम्हाला दम घेऊ द्या." तेव्हा तो पहिल्यांदा हसला. मी तोंड फिरवून कॉफी ओतत बसले.

जेवणं झाली. माझा केक करपला होता, सगळ्यांनी तो छान आहे म्हणून खाल्ला, यावरून समज किती दया दाखवत होते. मग ऑर्विल उठला, गाडीत गेला, आणि पाना घेऊन आला.

"चला," म्हणाला.

"कुठे?"

"फाटक उतरवायला. या हिवाळ्यात राहून गेलंय."

मे महिना, लाईल. गवत गुडघ्याएवढं. मी म्हटलं, "अरे, आता तर लावायचे दिवस."

"मागच्या खेपेला उतरवलं नाही. उतरवल्याशिवाय लावता येत नाही," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी गाडीत बसले.

आम्ही गेलो. कोपऱ्यात अजून वास आहे. त्याने साखळी सोडली, नीट गुंडाळून खिशात घातली, आणि पान्याने एकेक बिजागरी खोलली. डॅरेल मदतीला पुढे झाला तर त्याला हाताने मागे सारलं. त्याला घाई नव्हती. ज्या माणसाने सत्तर वर्षांत परक्याच्या फाटकाची कडीसुद्धा काढली नाही, त्याने ते अख्खं फाटक खांबावरून उतरवलं. मग आम्ही चौघांनी ते उचलून डॅरेलच्या गाडीत टाकलं. डॅरेलने ते कुठे नेलं मी विचारलं नाही. कुणाची गुरं किती हे विचारू नये, तसंच फाटक कुठे गेलं हेही.

आम्ही निघणार तोच कर्क आला. गाडीतून उतरला. रिकाम्या खांबांकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"इथलं फाटक कुठे गेलं?"

मी भांडायला तोंड उघडलं होतं. माझ्याकडे हिवाळाभर जमवलेलं सगळं जिभेवर होतं. पण ऑर्विल आधी बोलला, त्याच्या त्याच आवाजात, एकेक शब्द तोलून.

"आम्ही आलो तेव्हा असंच होतं. आमच्यात रीत आहे. जसं सापडेल तसं ठेवायचं."

लाईल, ऑर्विल ट्वेट खोटं बोलला. मी देवाशपथ सांगते, खोऱ्यात हे कधी घडलं नव्हतं.

कर्क एक पाऊल पुढे आला. ऑर्विलच्या खिशातून साखळीचं टोक बाहेर आलं होतं, ते त्याला दिसलं हे मला दिसलं. मग त्याने टोपी नीट केली. जानेवारीत ती मेलेली गुरं यंत्राने ओढायला तोच होता, हे तुला सांगायचं राहिलं. म्हणाला, "मी साहेबांना कळवतो, फाटक सापडत नाही म्हणून. नवं बसवायचं की नाही ते तेच ठरवतील." आणि गाडीत बसताना म्हणाला, "ते बहुतेक ज्यांच्याकडून जमीन घेतली त्यांना फोन करून विचारतील, की इथे नेहमी काय असायचं."

परत येताना ऑर्विल म्हणाला, "तुझा करपलेला केक खाल्ला म्हणून मी मेलो तर ठसा घेऊन जा." मी म्हटलं, "आधी तू जा तर खरा." शेगडी पेटवायला मी त्याच्या घरी थांबले नाही. त्याची त्याने पेटवली असेल.

आता तुझं. फोन वाजेल. आज-उद्या कधीतरी, तू त्या गॅलरीत बसलेला असशील तेव्हा. डोनाला उचलू देऊ नकोस, तू उचल. साहेब गोड बोलेल. तुला कोर्टकचेरीची भीती वाटेल, तू विकताना काय बोललास ते आठवेल, घाम फुटेल. फुटू दे. ऑर्विलने या वयात खोटं बोलून दाखवलं. तुला तर खरंच बोलायचंय, आणि तेही एकच वाक्य.

हिवाळ्यात तिथे फाटक नसतं.

तुझी बहीण,
आर्डिथ